पर्यटक? छे हो, गावी चाललोय!

सकाळचे साडेआठ. जिल्ह्याच्या गावचा एसटी स्टँड. पर्यटन सप्ताह सुरू असल्यामुळे गळ्यात ओळखपत्र अडकवलेला कॉलेजचा एक मुलगा हातात फॉर्मांचा गठ्ठा घेऊन बाकाबाकावरून फिरतो आहे. फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न आहे, ‘आपण पर्यटक आहात का?’

‘नाही बुवा, मेव्हण्याच्या घराची वास्तुशांत आहे,’ असं पहिले गृहस्थ सांगतात. दुसरं कुटुंब जेजुरीला निघालेलं. ‘देवाला चाललोय’ हे ते अशा सुरात म्हणतात, की पर्यटक म्हणणं हा खंडोबाचाही अपमान ठरावा. तिसऱ्या गृहस्थांची कोर्टाची तारीख आहे. चौथ्या बाई आधी मुलाकडे बघतात, मग स्वतःच्या साडीकडे बघतात आणि हसत सुटतात. शेवटी पाठीवर भल्यामोठ्या पिशव्या आणि पायात चिखलाचे बूट घातलेले दोघे तरुण सापडतात. मुलाला हायसं वाटतं. पण ते दोघे एकदम दुखावतात. ‘आम्ही पर्यटक नाही. आम्ही ट्रेकर आहोत.’

दहा वाजेपर्यंत चाळीस फॉर्म भरून होतात. त्यात पर्यटक एकही नाही.

असा मुलगा महाराष्ट्रातल्या कुठल्याही स्टँडवर उभा केला, तरी त्याच्या हाती हेच लागेल. पर्यटन सप्ताहाची खरी अडचण ही आहे. सप्ताह असतो, फलक असतो, प्रमुख पाहुणे असतात. फक्त ज्याच्यासाठी हे सगळं चाललेलं असतं, तो माणूस ‘तो मी नव्हेच’ म्हणत उभा असतो.

संयुक्त राष्ट्रांच्या पर्यटन संघटनेची व्याख्या वाचली तर मात्र ही सगळी मंडळी चांगलीच अडकतात. नेहमीच्या वावराच्या परिसराबाहेर, एका वर्षाहून कमी काळासाठी गेलेला आणि तिथे नोकरी धरायला न गेलेला माणूस म्हणजे अभ्यागत. त्याने किमान एक रात्र मुक्काम केला की तो पर्यटक. न राहता परतला, तर एका दिवसाचा प्रवासी. जाण्याचा हेतू मौजमजेचाच हवा, अशी अट कुठेही नाही. नातेवाइकांना भेटणं चालतं, तीर्थयात्रा चालते, खरेदी चालते, औषधपाणी चालतं.

या हिशेबाने मेव्हण्याची वास्तुशांत उरकून, रात्री तिथेच सतरंजीवर आडवे होऊन सकाळच्या गाडीने परतणारे गृहस्थ हे शंभर नंबरी पर्यटक आहेत. आळंदीहून पंढरपूरला सुमारे अडीचशे किलोमीटर चालत जाणारा वारकरीही त्यातच आला. दिवाळीला माहेरी आलेली लेक पर्यटक आणि भाऊबीज झाल्यावर तिला न्यायला येऊन एक रात्र राहिलेला जावईही पर्यटक. तो त्या रात्री ज्या थाटात पाहुणचार घेतो, तो पाहता त्याच्याबाबतीत व्याख्या जरा कमीच पडते. एलिफंटाच्या लेण्यांसमोर दिवसभर फोटो काढून संध्याकाळच्या लाँचने गेटवेला परतणारं मुंबईकर कुटुंब मात्र पर्यटक नाही. म्हणजे जो स्वतःला पर्यटक समजतो तो नसतो आणि जो नाही म्हणतो तो असतो.

सरकारी आकड्यांत हा नाही म्हणणारा माणूस बरोबर सापडतो. २०१९ साली देशांतर्गत पर्यटकांच्या भेटींची संख्या सुमारे २३२ कोटी नोंदली गेली. तान्ह्या बाळापासून पणजोबांपर्यंत सगळे धरले, तरी माणशी दीडहून अधिक भेटी झाल्या. हा आकडा ऐकल्यावर मराठी माणसाची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते. ‘आम्ही तर या वर्षी कुठेच गेलो नाही.’ मग बायको आठवण करून देते : शिर्डी, भाचीचं लग्न, गणपतीला गाव, नाशिकला आत्याकडे. ‘ते कुठे फिरणं झालं? ते जाऊन येणं झालं.’

हा फरक फार जुना आणि फार बारीक आहे. पर्यटन हा शब्द परि आणि अटन यांच्या संधीतून आला. अर्थ, सगळीकडे हिंडणं. आणि हिंडणं या क्रियापदाला मराठी घरात कधीच प्रतिष्ठा नव्हती. ‘कुठे हिंडत होतास इतका वेळ?’ या प्रश्नावर वाढलेल्या माणसाला पुढे ‘हिंडा हो हिंडा’ असं सरकारी पत्रक आलं, तर तो दचकणारच. त्यामुळे तो हिंडत नाही, जाऊन येतो. देवाला जाऊन येतो, गावाला जाऊन येतो, थोरल्याकडे जाऊन येतो. जाताना उंबऱ्यावरून तो ‘जातो’ असंही म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. पर्यटक पुन्हा यावा म्हणून जगभरचे देश केवढा खर्च करतात! इथला पाहुणा निघतानाच परत यायचं वचन देऊन मोकळा होतो.

आता सप्ताहाच्या मुहूर्ताबद्दल. जागतिक पर्यटन दिन २७ सप्टेंबरला असतो आणि तो १९८० पासून साजरा होतो. १९७० साली याच तारखेला मेक्सिको सिटीत जागतिक पर्यटन संघटनेची घटना मंजूर झाली होती. तारीख सोयीचीही आहे, कारण तेव्हा उत्तर गोलार्धातला हंगाम संपत आलेला असतो आणि दक्षिण गोलार्धातला सुरू होत असतो. महाराष्ट्र मात्र या दोन्ही गोलार्धांत न बसता भाद्रपदात बसतो.

केंद्राच्या पर्यटन मंत्रालयाने ‘पर्यटन पर्व’ सुरू केलं, तेव्हा कालनिर्णय जवळ घेऊन बसलं की मोठी मौज येते. पहिलं पर्व ५ ते २५ ऑक्टोबर २०१७ या काळात झालं. म्हणजे कोजागरीला सुरू झालं आणि दिवाळी ओलांडून संपलं. त्याची सूत्रं तीन होती : आपला देश पाहा, सर्वांसाठी पर्यटन, आणि पर्यटन व प्रशासन. त्या तीन आठवड्यांत मराठी कुटुंबांची सूत्रंही तीनच होती : चकली, करंजी आणि आरक्षण. दुसरं पर्व १६ ते २७ सप्टेंबर २०१८ मध्ये झालं. त्या वर्षी गणपती १३ तारखेला बसले आणि अनंत चतुर्दशी २३ ला होती. पर्वाचा पूर्वार्ध गणपतीत गेला आणि शेवट पितृपक्षात. पूर्वार्धात अर्धी मुंबई कोकणात होती आणि शेवटी शेवटी माणसं नवीन चप्पलसुद्धा घेत नव्हती, मग सहलीचं बुकिंग दूरच.

त्या पूर्वार्धात कोकण रेल्वेच्या फलाटावर जे चाललेलं असतं, त्याला पर्यटन म्हणायची कुणाची हिंमत नाही. गणपतीसाठी शेकडो जादा फेऱ्या सोडल्या जातात, आरक्षण उघडताक्षणी भरतं, तरी चाकरमानी गावी पोचतोच. तो ना कुठली जाहिरात बघतो, ना माहितीपत्रक मागतो. सामानात मखर असतं, विजेच्या माळा असतात, मुंबईहून मुद्दाम आणलेले पेढे असतात. पाच दिवसांत तो वाडीतल्या दुकानात, रिक्षात, मच्छीबाजारात जे पैसे सोडून येतो, त्याला अर्थशास्त्रात पर्यटन खर्च म्हणतात. तो स्वतः त्याला ‘गणपती जरा महाग गेले’ म्हणतो.

सप्ताहाचा कार्यक्रम कुठल्याही जिल्ह्यात साधारण सारखाच असतो. पहिल्या दिवशी दीपप्रज्वलन. समईची शेवटची वात पंख्यामुळे विझते, कुणीतरी पंखा बंद करतं, मग भाषणं घामात होतात. दुसऱ्या दिवशी शालेय चित्रकला स्पर्धा, विषय ‘माझे आवडते पर्यटनस्थळ’. जिल्हा समुद्राचा असो की विदर्भातला, चित्र एकच येतं. दोन त्रिकोणी डोंगर, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य, डोंगरातून निघून सरळ कागदाच्या कडेला जाणारी नदी आणि काठावर एक नारळाचं झाड. संभाजीनगरकडच्या एखाद्या मुलाने वेरूळचं कैलास लेणं काढायला घेतलं, तर तो पायापासून सुरुवात करतो आणि शिखरापाशी त्याचा कागद संपतो. मूळ कारागिरांवर ही वेळ आली नाही, कारण त्यांनी वरून खाली कोरत आणलं होतं.

तिसऱ्या दिवशी प्रश्नमंजूषा. सिंधुदुर्ग किल्ल्यावरच्या गोड्या पाण्याच्या विहिरी कोणत्या? दूध बाव, दही बाव, साखर बाव. २०२५ साली युनेस्कोच्या यादीत गेलेल्या मराठ्यांच्या १२ किल्ल्यांपैकी महाराष्ट्राबाहेरचा कोणता? जिंजी! सगळी पोरं एका सुरात ओरडतात. मग परीक्षक कौतुकाने विचारतात, ‘आपल्या जिल्ह्यातल्या किल्ल्यावर कोण कोण जाऊन आलंय?’ तीन हात वर होतात. चौथा निम्मा वर येऊन थांबतो. ‘सर, माझ्या मामाचं घर किल्ल्याच्या खालीच आहे. पण वर नाही गेलो. मामाच नाही गेला कधी.’ पिकतं तिथे विकत नाही म्हणतात, ते असं पायथ्याशी घर बांधून राहतं.

चौथ्या दिवशी अभ्याससहल, आणि तिथे भल्याभल्यांची परीक्षा होते. अजिंठ्याची लेणी सोमवारी बंद असतात, वेरूळची मंगळवारी. या दोन सुट्ट्या ज्याला पाठ आहेत, तो खरा पर्यटनतज्ज्ञ. बाकीच्यांची गाडी सोमवारी सकाळी संभाजीनगरहून शंभरेक किलोमीटर धावून अजिंठ्याच्या फाट्यावर पोचते, तिथे शांतता बघून गोंधळते, परत फिरते आणि मंगळवारी वेरूळच्या बंद दारापुढे उभी राहते. दोन दिवसांत दोन जागतिक वारसास्थळं बाहेरून बघणारी अशी कुटुंबं काही कमी नाहीत. घरी येऊन ती सांगतात, ‘गर्दी अजिबात नव्हती.’

अजिंठा उघडा असला, तर तिथे एक धडा आपोआप मिळतो. १८१९ साली जॉन स्मिथ नावाचा इंग्रज लष्करी अधिकारी शिकारीला म्हणून या रानात आला आणि त्याला ही लेणी दिसली. दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातल्या खांबावर त्याने आपलं नाव आणि २८ एप्रिल १८१९ ही तारीख कोरून ठेवली. तेव्हा लेण्यात दगडमातीचा थर होता. त्यावर उभं राहून त्याने लिहिलं, म्हणून आज ती अक्षरं माणसाच्या डोक्याच्याही वर दिसतात. बाहेरून आलेल्या या पाहुण्याने येताच खांबावर नाव लिहिलं आणि इथल्या पोरांनी तो धडा लगेच गिरवला. गडाच्या दिंडीदरवाजावर बाणाने छेदलेला बदाम कोरणाऱ्याला विचारलं, तर तोही म्हणेल, ‘फक्त आम्हालाच का बोलता?’

परदेशी पाहुण्यांचं स्वागत हा सप्ताहाचा मानबिंदू. विमानतळावर तुतारी, औक्षणाचं तबक, झेंडूचे हार, नऊवारीतल्या मुली. सगळं वेळेवर तयार असतं, फक्त विमान उशिरा येतं. दार उघडतं आणि पहिला उतरतो तो न्यू जर्सीहून दोन आठवड्यांच्या रजेवर आलेला पुण्याचा मुलगा. दोन मोठ्या बॅगा, डोळ्यांत झोप. त्याच्या गळ्यात हार पडतो, कपाळाला कुंकू लागतं, तुतारी वाजते. तो घाबरून बाहेर उभ्या आईला शोधतो.

आयोजकांची चूक झाली असं वाटेल, पण झालेली नाही. परदेशातून आलेल्या पर्यटकांची मोजदाद आता आंतरराष्ट्रीय पद्धतीने होते आणि तीत परदेशी नागरिकांबरोबर अनिवासी भारतीयही धरले जातात. २०१९ मध्ये परदेशी पर्यटक सुमारे १ कोटी ९ लाख आले आणि अनिवासी भारतीय जवळजवळ ७० लाख. आई म्हणते मुलगा घरी आला. आकडेवारी म्हणते आंतरराष्ट्रीय पर्यटक आला. दोन्ही खरं आहे. दोन आठवड्यांत तो आईच्या हातची साबुदाण्याची खिचडी खातो, दातांचं काम करून घेतो, बँकेच्या केवायसीसाठी तीन चकरा मारतो आणि परत जातो. भारत कसा वाटला, असं त्याला विचारलं तर तो म्हणेल, ‘कुठे काय बघितलं? वेळच नाही मिळाला.’

तिकडचं नागरिकत्व घेतलेला दुसरा एखादा मुलगा फार तर एक दिवस बायकोमुलांना वेरूळला नेतो. तिथली तिकीट खिडकी म्हणजे नागरिकत्वाची तोंडी परीक्षाच. भारतीयाला ४० रुपये, परदेशी माणसाला ६००. सार्क आणि बिमस्टेक देशांतल्या पाहुण्यांना भारतीय दर, १५ वर्षांखालच्या मुलांना तिकीटच नाही. ओसीआय कार्ड असलं तर अमेरिकेच्या पासपोर्टवरही भारतीय दर लागतो; पण ते कार्ड नेमकं आजीच्या कपाटात, सोन्याच्या बांगड्यांच्या खाली सुरक्षित ठेवलेलं असतं. आजी खिडकीपाशी पुढे होते. ‘अहो, आमचाच आहे हा. इथेच घाटी दवाखान्यात जन्मलाय. अरे, बोल ना मराठी जरा!’ चाळिशीचा तो अभियंता रांगेतल्या शंभर माणसांसमोर मान खाली घालून पुटपुटतो, ‘मला मराठी येतं.’ खिडकीमागचा कर्मचारी शांतपणे म्हणतो, ‘येत असेल, पण कार्ड दाखवा.’ आतमध्ये मग खराखुरा गोरा पाहुणा भेटतो. तो लेणी बघायला आलेला असतो आणि शाळेची सहल त्याला बघायला. ‘वन सेल्फी प्लीज’ म्हणत चाळीस मुलं त्याच्याभोवती उभी राहतात आणि मागे कैलास लेणं, थोडंसं अंधुक, कुणाच्या तरी कानाशेजारी दिसतं.

अशा सप्ताहांची पद्धत इतरत्रही आहे. अमेरिकेत १९८४ पासून मे महिन्यात राष्ट्रीय पर्यटन सप्ताह साजरा होतो. त्यात महाराष्ट्राचा वाटा मोठा मानाचा आहे, पण तो कुणाच्या ध्यानात येत नाही. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एखाद्या घरात नाशिकची आजी लेकीच्या बाळंतपणासाठी सहा महिने राहायला गेलेली असते. तिच्या पासपोर्टवर बी-२ व्हिसा असतो, म्हणजे पर्यटक आणि पाहुण्यांना देतात तो. अमेरिकेच्या खात्यात ती पर्यटक. तिच्या हिशेबात ती कामावर. रोज सकाळी बाळाची अंघोळ, मग डिंकाचे लाडू, मग तळघरातलं कपडे धुण्याचं यंत्र. एका शनिवार-रविवारी नायगारा दाखवून आणतात. परत आल्यावर मंडळातल्या मैत्रिणी विचारतात, ‘अमेरिका कशी आहे हो?’ आजी विचार करून सांगते, ‘स्वयंपाकघर मोठं आहे.’

देशांतर्गत पर्यटनासाठी एकदा थेट लाल किल्ल्यावरून आवाहन झालं. १५ ऑगस्ट २०१९ च्या भाषणात पंतप्रधानांनी २०२२ पर्यंत देशातली किमान १५ ठिकाणं पाहा, असं सांगितलं. पुढे ‘देखो अपना देश’ या नावाने प्रतिज्ञाही निघाली. घरोघर याद्या झाल्या. हंपी, रामेश्वर, आसाम, कच्छचं रण. यादीचा कागद फ्रिजवर लागला आणि मार्च २०२० मध्ये सगळा देश त्याच फ्रिजसमोर अडकला. तरी मंत्रालय डगमगलं नाही. १४ एप्रिल २०२० पासून ‘देखो अपना देश’ची वेबिनार मालिका सुरू झाली. लोकांनी लेंग्यात बसून, एका हाताने भाजी निवडत राजवाडे, किल्ले आणि घाट पाहिले. मराठी घराला ही पद्धत मानवली. बूट घालायचे नाहीत, पाण्याची बाटली दुपटीने विकत घ्यायची नाही, आणि गरम पाणी किती वाजेपर्यंत मिळेल हा सहलीतला सनातन प्रश्न विचारायचाही नाही. फ्रिजवरचा कागद मात्र अजून आहे. त्याच्या मागच्या बाजूला दूधवाल्याचा हिशेब चालू आहे.

तिकडे स्टँडवर बारा वाजत आलेले. फॉर्मवाला मुलगा आता घामाघूम. शेवटच्या बाकावर एक बाई बसल्यात. पायाशी दोन पिशव्या, मांडीवर फडक्यात बांधलेला स्टीलचा डबा.

‘मावशी, तुम्ही पर्यटक आहात का?’

‘नाही रे बाळा. लेकीकडे चाललेय पुण्याला. बाळंतपण आहे तिचं.’

‘किती दिवस?’

‘सव्वा महिना तरी. पुढे बघू.’

सव्वा महिना! सरासरी मुक्काम एका रात्रीने वाढावा म्हणून हॉटेलवाले देव पाण्यात घालून बसतात. मुलगा मात्र पेन ‘नाही’च्या चौकटीवर नेतो. खाली अजून एक रकाना आहे : ‘सोयीसुविधांबाबत सूचना (फक्त पर्यटकांसाठी)’.

मावशींना तो दिसतो. त्या चष्मा पुढे घेऊन वाचतात. ‘सूचना लिहितोस का? मग लिही. इथल्या बायकांच्या संडासाला आतून कडी नाही. एकीला बाहेर उभं करावं लागतं राखायला. एकटीने यायचं कसं?’

‘मावशी, तो रकाना पर्यटकांसाठी आहे. तुम्ही नाही म्हणालात.’

‘मग पर्यटक लिही की! कडी लागत असेल तर मी पर्यटक.’

मुलगा खोडरबर शोधतो. फॉर्म पेनने भरलेला असतो. तो ‘नाही’वर काट मारतो, त्यावर बारीक सही करतो, आणि शेजारच्या चौकटीत बरोबरची खूण करतो. सप्ताहातला पहिला पर्यटक. सूचनेच्या रकान्यात तो मोठ्या अक्षरांत ‘कडी’ लिहितो आणि खाली रेघ मारतो.

तेवढ्यात गाडी फलाटाला लागते. धक्काबुक्की सुरू होते. मुलगा फॉर्मांचा गठ्ठा काखेत धरून मावशींचा रुमाल घेतो आणि खिडकीतून नेम धरून सीटवर टाकतो. मग दोन्ही पिशव्या वर चढवून देतो. मावशी खिडकीतून डब्याचं झाकण उघडतात आणि एक डिंकाचा लाडू त्याच्या हातावर ठेवतात.

‘येते रे,’ त्या म्हणतात.